ग्लासातला दाणा



विषय पाहून कपाळाला आठी पडली असेल तर क्षणभर थांबा. दारूची भलामण करायला आम्ही बसलेलो नाही. दारूने घरे कशी बसतात ते आम्ही आमच्याच गल्लीत पाहिले आहे, आणि दुकान बंद करण्यासाठी बाया उन्हात बसल्या तेव्हा त्यांच्या मागे आम्हीही बसलो होतो. पण दिवाळीनंतर कामासाठी पुण्याला गेलो, तेथे एका संध्याकाळी जे पाहिले ते ज्वारी-कापूस पिकवणाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे, म्हणून हे लिहितो आहोत.

आम्ही तिघे होतो. गावातल्या एका पोराला तिकडे नोकरी आहे. तो म्हणाला, "काका, बाजारभावाचं एवढं बोलता, तर चला, एक बाजार दाखवतो." त्याने नेले ते त्याच्या घरामागच्या चौकातल्या बारमध्ये. बिअर तेथेच बनते, काचेपलीकडे तांब्यापितळेची पिंपे दिसतात. पुण्यात २००९ साली 'डूलाली'ने अशी जागेवर बनवलेली बिअर विकायला सुरुवात केली, आता अशा बऱ्याच जागा झाल्या आहेत. त्या संध्याकाळी हिवाळ्याच्या नव्या बिअरींची चव पाहण्याचा कार्यक्रम होता. पाच छोटे ग्लास, आणि प्रत्येक ग्लासाबरोबर बशीत दोन घासांचे वेगळे खाणे. गव्हाच्या हलक्या बिअरबरोबर मासा, कडवट बिअरबरोबर तिखट कोंबडी, आणि शेवटी करपवलेल्या धान्याच्या काळ्या बिअरबरोबर चक्क चॉकलेट. आमच्यातल्या माळकऱ्याने ताक मागितले. ताक नव्हते. त्याने फक्त शेंगदाणे खाल्ले, पण ऐकले मात्र सगळ्यात जास्त.

ऐकण्यासारखे होतेच. वाढणारा पोरगा प्रत्येक ग्लास ठेवताना सांगत होता: ह्यातला सातू कोठला, मोड आणून किती भाजला, कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलाची जात कोणती, कोणत्या देशातून आले, ही बिअर ह्याच महिन्यात का करतात. लोक वास घेत, थांबत, पुन्हा चव पाहत. आम्ही एकमेकांकडे बघितले. आडतीत आमच्या ज्वारीचा ढीग पडतो तेव्हा आडत्या मूठ उचलतो, दाताखाली एक दाणा फोडतो आणि भाव बोलतो. कोणत्या गावची, कोणत्या वाणाची, काळ्या रानातली की मुरमाड रानातली, हे विचारत नाही. विचारून करणार काय? त्याच्या पोत्यावर त्याची जागाच नाही.

त्या पाचांतल्या एका ग्लासाची हकीकत ऐकून तर माळकरीही सरसावून बसला. 'सेझों' नावाची ही बिअर बेल्जियमच्या दक्षिण भागातली. फ्रेंच भाषेत ह्या शब्दाचा अर्थच हंगाम. सांगतात ते असे, की तिकडचे शेतकरी हिवाळ्यात रान रिकामे असताना घरच्या धान्याची ही बिअर करून ठेवत आणि उन्हाळ्यात कामाला येणाऱ्या हंगामी मजुरांना पाजत. म्हणजे सालदाराच्या न्याहारीबरोबर जे जायचे, ते आज पुण्यात पाहुणे नाकाशी धरून हुंगत आहेत.

खाण्याची जोड लावण्याची गोष्टही अशीच. जर्मनीतल्या बव्हेरियात उन्हाळ्यात केलेली बिअर नासते म्हणून १५५३ साली राजाज्ञा निघाली, की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायची नाही. मग मार्चअखेरपर्यंत करून तळघरात साठवायची, वर सावलीला झाडे लावायची, आणि झाडाखालीच बाकडी मांडून विकायची. खाणावळवाल्यांनी तक्रार केली, तेव्हा १८१२ साली राजाने तोड काढली: बागेत बिअर विका, पण पावाखेरीज खाणे विकू नका. लोक घरून शिदोरी आणू लागले, आणि तेथल्या जुन्या बागांत आजही आणतात. त्याच बव्हेरियात १५१६ साली बिअरला सातू, ती कडवट फुले आणि पाणी एवढेच वापरायचे असे फर्मान होते. गहू पावासाठी राखायचा, असे त्याचे कारण सांगितले जाते. पुढे त्याच गव्हाच्या बिअरचा मक्ता राजघराण्याने स्वतःकडे घेतला आणि खजिना भरला. लायसन आणि मक्ता ह्या गोष्टी आपल्याकडेच जन्मल्या असे कोणी समजू नये.

आता हिशेब. अर्धा लिटर बिअरला साधारण शंभर ग्रॅम धान्य लागते. आम्ही पाहिलेल्या पाटीवर त्या ग्लासाचा भाव चारशेच्या घरात होता. सातूच्या जागी आपली मालदांडी धरली, तर २०२५-२६ च्या हमीभावाने, क्विंटलला ३७४९ रुपये, शंभर ग्रॅमचे पावणेचार रुपये होतात. बाकीचे सगळे भट्टी, जागा, कर, नोकरचाकर आणि त्या गोष्टी सांगणाऱ्या पोराचे. ह्यात चोरी आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याने कष्टाने गिऱ्हाईक तयार केले आहे. आमचे म्हणणे एवढेच, की चव विकायची असते हे त्याला कळले आणि सरकारला अजून कळलेले नाही. त्या वर्षी संकरित ज्वारीचा हमीभाव ३६९९ होता, मालदांडीचा ३७४९. फरक किलोला पन्नास पैसे! ज्याने दोन्हींची भाकरी खाल्ली आहे त्याने हा आकडा ठरवलेला नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण गिऱ्हाईकाच्या जिभेला मंगळवेढा वेगळा लागेपर्यंत त्या कागदाने पोट भरणार नाही.

त्या पोराला विचारले, ज्वारीची बिअर का नाही? म्हणाला, होते, पण सातूच्या मोडात जो रस असतो तो ज्वारीच्या मोडात कमी, कृती वेगळी लागते. होते हे खरेच. नायजेरियाने १९८८ साली सातूच्या माल्टची आयात बंद केली आणि तेथल्या कारखान्यांनी ज्वारी धरली. केनियात ज्वारीच्या 'सेनेटर' बिअरला करसवलत मिळाली आणि कोरडवाहू शेतकऱ्यांशी खरेदीचे करार झाले. मग २०१३ साली सरकारने तिच्यावर ५० टक्के कर बसवला. खप कोसळला, पेरलेली ज्वारी शेतकऱ्याच्या गळ्यात आली. २०१५ साली पुन्हा मोठी सूट दिली. मंत्र्याच्या सहीवर टांगलेला भाव असाच वरखाली होतो.

आपल्याकडेही २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढण्याचे धोरण आले होते. ज्वारीला भाव येईल म्हणून सांगितले, आणि लिटरमागे १० रुपयांचे अनुदान ठेवले ते कारखानदाराला. शेतकऱ्याचे नाव फक्त भाषणात होते. तसले काही आम्हाला नको.

परत आल्यावर हे सगळे घरी सांगितले. घरची म्हणाली, "चव घ्यायला पुण्याला कशाला गेलात? हुरड्याला काय करता मग?" आम्ही गप्प झालो. खरेच, हुरडा म्हणजे दुसरे काय? पंधरा-वीस दिवसांचा हंगाम, खास हुरड्याचेच वाण, आगटीवरचे गरम कणीस, बरोबर लसणाची चटणी, तीळ, गूळ, दही. जोड आपल्या आज्यांनी लावली. पुण्याजवळचे काही शेतकरी माणशी पैसे घेऊन हुरडा खाऊ घालतात, आणि शहरातले लोक गाड्या काढून येतात. त्यांच्याकडे कोणी दाणा दाताखाली फोडून भाव करत नाही.

तेव्हा आमची सूचना. मळणी झाल्यावरच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने पायलीभर ज्वारी आणावी, पिशवीवर गाव, रान आणि वाणाचे नाव लिहून. तेथेच दळू, भाकऱ्या करू, नाव झाकून खाऊ, आणि कोणती कशी लागली ते वहीत मांडू. शहरातली दोन-चार खाणारी माणसे बोलावू. भाकऱ्या थापण्याचे काम मात्र ह्या वेळी पुरुषांकडे आहे. सराव आतापासून करावा.