आधी झाडू खाली ठेवा

मे महिना लागला की आमच्या वस्त्यांमध्ये हातोड्यांचे आवाज सुरू होतात. पावसाआधी पत्रे बदलायचे, मोरी नव्याने बांधायची, जुना पोटमाळा काढायचा. कुणाच्या मुलीला नोकरी लागलेली असते, कुणाला पतपेढीचं कर्ज मिळालेलं असतं. पत्र्याखाली दोन पिढ्या काढल्यावर घराला टाइल्स लागतात, याचा आनंद वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या आम्हा बायकांनाही होतो. पण या तोडफोडीत वर्षानुवर्षं साठलेलं काय काय बाहेर येतं, तेही आम्ही पाहतो. माळ्याच्या फळ्यांमागे उंदरांच्या लेंड्यांचे थर, मुताने पिवळी पडलेली चिंध्यांची घरटी, मोरीखाली घुशींनी पोखरलेली ओली बिळं. आणि हे साफ करायची पद्धत सगळीकडे एकच. तोंडाला रुमाल, हातात झाडू आणि डोक्यावर फिरता पंखा.

आमचं स्पष्ट मत आहे की यातली एकही गोष्ट बरोबर नाही.

गेल्या वर्षी एका घरात मोरी फोडायचं काम निघालं. घर आपल्यातल्याच माणसाचं. बिगारी म्हणून आलेली बाई तीन दिवस त्या चिखलात अनवाणी उभी राहून घमेली भरत होती. टाचांना भेगा, पायाच्या बोटाला फरशीचा तुकडा लागून झालेली जखम. आठवड्याभराने तिला ताप आला. जवळच्या दवाखान्यात सुई घेतली, गोळ्या घेतल्या. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की संडासापर्यंत चालवेना. डोळे लाल झाले, तर सिमेंट गेलं असेल म्हणाली. पाचव्या दिवशी डोळे पिवळे दिसायला लागले, लघवी कमी झाली, तेव्हा घरच्यांनी मोठ्या रुग्णालयात नेलं. लेप्टोस्पायरोसिस निघाला. डायलिसिस करावं लागलं. वाचली. पण त्या पाच दिवसांत काम काय करतेस हे तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. मोरीच्या चिखलाचा तापाशी संबंध असतो हे तिला सांगितलं तरी कुणी होतं?

लेप्टो म्हटलं की आपल्याला पूर आठवतो. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि पाठोपाठ लेप्टोची साथ आली. तेव्हापासून साचलेल्या पाण्यातून चालू नका हे सगळ्यांना पाठ झालं आहे. पण हा जंतू येतो उंदीर-घुशींच्या मुतातून, आणि ओल्या मातीत तो कित्येक आठवडे जगू शकतो. त्याला पुराची गरज नाही. मोरीखालची माती बारा महिने ओलीच असते. पायाच्या भेगेतून, जखमेतून, डोळ्यात उडालेल्या थेंबातून तो शिरतो. म्हणून मोरी फोडायची तर गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच. जखम असेल तर त्या दिवशी त्या माणसाने तिथे उतरूच नये.

माळ्यावरची गोष्ट वेगळी. तिथे सगळं कोरडं. लेप्टोचा जंतू कोरड्यात टिकत नाही, पण वाळलेल्या लेंड्यांचा भुगा हवेत उडाला की श्वासातून आत जातो. दम्याच्या माणसाला त्याने धाप लागते. 1993 साली अमेरिकेच्या नैऋत्य भागात धडधाकट तरुण माणसं फुप्फुसात पाणी भरून दगावली. शोध घेतल्यावर एक नवा हंता विषाणू सापडला आणि माग लागला तो उंदरांपर्यंत. त्यांच्या लेंड्या-मुताची धूळ श्वासात गेली होती. आपल्याकडे हंताचे रुग्ण फारसे नोंदलेले नाहीत, तेव्हा घाबरून जायचं कारण नाही. पण कोरडी विष्ठा झाडायची नाही, हा तिथून निघालेला नियम आपल्यालाही लागू आहे. रुमाल किंवा ओढणी ही बारीक धूळ अडवत नाही. एन-95 मास्क लागतो.

करायचं असं. आधी उंदीर पकडा, बिळं बुजवा. पेन्सिल जाईल एवढी फट लहान उंदराला पुरते, म्हणून तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावा. विष घालून मोकळे होऊ नका. उंदीर भिंतीत मरतो, आणि मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा दुसरं अंग शोधतात. मग दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. पंखा बंद. एक लिटर पाण्यात 30 ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे शिगोशीग, ढवळून घ्या आणि लेंड्या, घरटी, मेलेले उंदीर यांच्यावर हलकेच शिंपडा. जोराची धार मारली तर पुन्हा धूळच उडेल. पाच-दहा मिनिटं भिजू द्या, मग रद्दी कागदाने उचलून दोन पिशव्यांत बांधा. उरलेल्या जागेला त्याच पाण्याचं पोतेरं. या पाण्यात संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. आम्ही नर्सिंगला असताना हे आमच्याकडून घोकून घेतलं होतं, तरी आजही घराघरांत ती चूक दिसते.

आता पत्र्याच्या पेटीचं. आमच्या घरांत माळ्यावर एक पेटी असतेच. तिच्यात आजोबांचा शाळेचा दाखला असतो, कारण जात पडताळणीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. उंदीर पेटीत शिरलेले दिसले की माणसं मास्क-बिस्क विसरून तोंड आत घालतात आणि कागद फुंकून झटकतात. आम्ही स्वतः तसं केलेलं आहे, म्हणून कुणाला हसत नाही. पण कागद पळून जात नाहीत. मास्क आणि हातमोजे घालून पेटी उचला, अंगणात नाहीतर गच्चीवर काही तास उन्हात उघडी ठेवा, मग एकेक कागद जेमतेम ओलसर फडक्याने टिपा. आणि फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, हे आरोग्याबाहेरचं झालं तरी सांगून टाकतो.

राहिला मुख्य प्रश्न, हे करणार कोण? मेलेली ढोरं ओढायचं काम सोडा, असं बाबासाहेबांनी आपल्या आजोबा-पणजोबांना सांगितलं. आपण ते सोडलं. आज आपल्यातल्या काहींच्या हातात पैसा आहे, आपण मजूर लावतो, आणि मेलेली घूस उचलायला त्याच बिगारी बाईला हाक मारतो. उघड्या हाताने, उघड्या पायाने. टाइल्सचा रंग ठरवायला आपण चार दुकानं फिरतो. बूट, हातमोजे, मास्क यांचा खर्च टाइल्सच्या एक-दोन खोक्यांएवढा. तो घरमालकानेच करावा, ठेकेदारावर ढकलू नये. काम झाल्यावर मजुराला सांगावं की महिनाभरात ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांग: उंदरांच्या घाणीत काम केलं होतं. जखमेने त्या चिखलात उतरणं झालंच असेल तर 72 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात विचारावं. डॉक्सिसायक्लिन द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. गरोदर बाईचा आणि लहान मुलांचा विचार वेगळा असतो.

ती बाई परवा भेटली. पुन्हा कामावर जायला लागली आहे. म्हणाली, "सिस्टर, त्या दिवशी एका ठिकाणी मोरी फोडायची होती. मी बूट मागितले."

मिळाले का, म्हणून आम्ही विचारलं.

"नाही. मग मी उतरले नाही. त्या दिवसाची हजेरी कापली त्यांनी."