ग्रां प्रीचे ३००० मीटर परत द्या

या आठवड्यात पॅरिसच्या लाँगशाँ रेसकोर्सवर ग्रां प्री द पारी धावली. घोडे गेटवर येत होते तेव्हा टीव्हीवरचा समालोचक ‘ऑक्टोबरमधल्या आर्क शर्यतीची पूर्वतयारी’ असं तिचं वर्णन करून मोकळा झाला. मला ते फार लागलं, कारण तो खरंच बोलत होता. गेल्या महिन्यात शांतिईच्या डर्बीवर लिहिलं तेव्हा काही वाचकांनी विचारलं होतं की, तिचे ३०० मीटर कापले तर एवढं काय बिघडलं? काय बिघडतं ते या शर्यतीकडे पाहून कळतं.

ही शर्यत १८६३ साली सुरू झाली ती कुणाची पूर्वतयारी म्हणून नव्हे. नेपोलियन तिसऱ्याचा सावत्र भाऊ ड्यूक द मॉर्नी याला इंग्रजांच्या तोडीची शर्यत पॅरिसमध्ये हवी होती. एक लाख फ्रँकांचं बक्षीस ठेवलं गेलं. निम्मी रक्कम पॅरिस शहरानं दिली, उरलेली पाच रेल्वे कंपन्यांनी. अंतर ३००० मीटर, आणि परदेशी घोड्यांना दार सताड उघडं. पहिल्याच वर्षी द रेंजर हा इंग्रजी घोडा बक्षीस घेऊन गेला. पुढच्या वर्षी फ्रान्सच्या व्हेरमूनं एप्समची डर्बी जिंकून आलेल्या ब्लेअर अथॉलला हरवलं. १८६५ मध्ये ग्लादियातर आला. जन्म फ्रान्सचा, तालीम न्यूमार्केटची, मालकाचे वडील नेपोलियनचे सेनापती. त्यानं त्या एका वर्षात इंग्लंडचा तिहेरी मुकुट जिंकला आणि ग्रां प्रीही जिंकली. वॉटर्लूला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती. फ्रेंचांनी त्याला ‘वॉटर्लूचा सूड घेणारा’ म्हटलं आणि लाँगशाँवर त्याचा पुतळा उभारला. तो आजही तिथे आहे.

पण माझं म्हणणं पटवायला मला ग्लादियातरपेक्षा १९३८ सालचा नेआर्को जास्त उपयोगी पडतो. फेदेरिको तेसिओ हा इटलीचा ब्रीडर. त्यानं हा घोडा इटलीत तेरा वेळा धाववला आणि तेराही वेळा तो जिंकला. तेवढ्यावर त्याला स्टडवर पाठवलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती. तेसिओनं त्याला पॅरिसला आणलं. समोर त्याच वर्षीचा एप्सम डर्बी विजेता ब्वा रुसेल होता. लाँगशाँचा ट्रॅक ज्यांनी पाहिला आहे त्यांना माहीत आहे की, मागच्या बाजूला घोड्याला मोठा चढ चढावा लागतो, मग उतार लागतो, आणि उतार संपला की ‘खोटी सरळ वाट’ येते. तिथे जॉकीला वाटतं की शेवटचा टप्पा आला. त्यानं हात सैल सोडला की खऱ्या सरळ वाटेवर घोड्याचा श्वास संपतो. ३००० मीटर धावताना तिथपर्यंत पोचलेल्या घोड्याच्या पायात काय उरलंय हे लपून राहत नाही. नेआर्को तिथूनही पुढे निघाला आणि चौदापैकी चौदा शर्यती जिंकून निवृत्त झाला. काही दिवसांतच ६० हजार पौंडांना तो इंग्लंडला विकला गेला.

तेसिओचं स्वतःचं मत होतं की नेआर्को हा अस्सल लांब पल्ल्याचा घोडा नाही, तो जातिवंतपणावर आणि वेगावर निभावून गेला. माझ्या दृष्टीनं सगळं सार यातच आहे. वेगवान घोड्याचा कस वेगाच्या शर्यतीत लागत नाही. त्याला न मानवणाऱ्या अंतरावर उभं केलं की तो लागतो. त्या घोड्यातून पुढे काय निघालं? नासरुल्लाहच्या वंशात सेक्रेटेरियट, निआर्क्टिकच्या वंशात नॉर्दर्न डान्सर, गॅलिलिओ आणि फ्रँकेल, रॉयल चार्जरच्या वंशात जपानचा डीप इम्पॅक्ट. आजच्या वेगवान घोड्यांची वंशावळ बापाच्या बाजूनं मागे नेत गेलात की वारंवार नेआर्कोपाशी येऊन थांबता.

आपल्या वाचकांना आणखी एक नाव आठवायला हवं. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ मध्ये नेआर्कोचं एक शिंगरू २८ हजार गिनींना घेतलं. एक वर्षाच्या शिंगरासाठी तोवर एवढी किंमत कुणी मोजली नव्हती. त्याचं नाव ठेवलं सयाजीराव. या सयाजीरावानं १९४७ मध्ये डॉनकास्टरची सेंट लेजर जिंकली, सुमारे २९०० मीटरची. बापानं लाँगशाँवर दाखवलेला दम मुलात उतरला होता.

आता या शर्यतीचं काय केलं ते पाहा. १९६४ मध्ये अंतर ३१०० झालं, १९७८ मध्ये पुन्हा ३०००. इथवर ठीक होतं. १९८७ मध्ये एका झटक्यात २००० वर आणलं. २००५ मध्ये २४०० केलं, आणि त्याच वर्षी शांतिईची डर्बी २४०० वरून २१०० वर आली. म्हणजे ग्रां प्री आज त्याच मैदानावर, त्याच अंतरावर धावते जिथे ऑक्टोबरमध्ये आर्क धावते. फरक एवढाच की इथे फक्त तीन वर्षांचे घोडे असतात. अशा शर्यतीला लोक पूर्वतयारी म्हणणार नाहीत तर काय म्हणतील?

दुसरी बाजूही सांगायला हवी. आर्क १९२० मध्ये सुरू झाल्यावर मानाची जागा हळूहळू तिच्याकडे गेली होती. १९८० च्या दशकात अव्वल घोड्यांचे मालक ३००० मीटरला नाव द्यायला कचरत होते, कारण लांब पल्ल्याचा शिक्का बसला की स्टडवर घोड्याला भाव येत नाही. अंतर कापल्यावर चांगले घोडे परत आले हेही खरं. पेंत्र सेलेब्रनं १९९७ मध्ये, बागोनं २००४ मध्ये आणि रेल लिंकनं २००६ मध्ये ग्रां प्री आणि आर्क एकाच वर्षी जिंकल्या. मी या घोड्यांना कमी लेखत नाही. पण बाजाराला जे हवं तेच शर्यतीनं द्यायचं ठरवलं तर बाजाराची चूक दाखवून देणार कोण? दम पाहणाऱ्या शर्यती गेल्या की ब्रीडर दमाच्या घोडीला पैदाशीसाठीही ठेवणार नाही, आणि एकदा तुटलेली ओळ पुन्हा जोडता येत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ग्रां प्री द पारी पुन्हा ३००० मीटरची व्हावी. बक्षीस एवढं ठेवावं की मालकांना घोडा घरी ठेवणं परवडू नये. सुरुवातीची पाच-सात वर्षं घोडे कमी येतील, ती सोसावीत.

आणि आपल्यासाठी एक सांगणं. पुण्यात सप्टेंबरमध्ये इंडियन सेंट लेजर असते, २८०० मीटरची. मोठ्या अंतराच्या शर्यती प्रेक्षक नसले की आधी कापल्या जातात. त्या दिवशी रेसकोर्सवर या, आणि येताना घरातल्या तरुण मंडळींनाही घेऊन या.