दार उघडले, पण उंबरठा तेरा लाखांचा!

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. दहा हजार तरुणांना तिकडे काम मिळणार, असा गाजावाजा झाला. त्याच वर्षी 1 जूनपासून जर्मनीने 'संधी कार्ड' सुरू केले. हाती नोकरी नसतानाही तेथे जाऊन वर्षभर काम शोधण्याची ही मुभा. आमचा प्रश्न साधा आहे. या दारातून आत जाणार कोण?

कार्डाच्या अटी पाहा. मायदेशात मान्यता असलेली पदवी किंवा किमान दोन वर्षांचे व्यवसाय प्रशिक्षण हवे. म्हणजे आयटीआयचा फिटर, इलेक्ट्रिशियन या अटीत बसू शकतो. वेल्डर एक वर्षाच्या प्रमाणपत्रावर बसत नाही. जर्मन भाषेची ए-1 किंवा इंग्रजीची बी-2 पातळी हवी. वय, अनुभव, भाषा आदींचे मिळून सहा गुण हवेत. इथपर्यंत आमची पोरे कमी पडणार नाहीत. खरी अडचण पुढेच आहे. वर्षभराच्या निर्वाहाची सोय आधी दाखवावी लागते. 2025 साली ही रक्कम दरमहा 1,091 युरो, म्हणजे वर्षाला 13,092 युरो होती. रुपयांत ती तेरा लाखांच्या घरात जाते. ज्याच्या बापाकडे ना जमीन ना फ्लॅट, त्याला बँक दारात तरी उभे करील काय? गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्या व्यवस्थेत शेवटी बापाची मालमत्ताच मोजली जाते!

बाबासाहेब 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. तिची मुदत संपली आणि 1917 मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. बुद्धी तीच होती. थांबला होता तो पैसा.

आज केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. परंतु दोन्ही उच्च शिक्षणासाठी. नोकरीसाठी निघालेल्या कारागिराला, परिचारिकेला त्यांचा उपयोग नाही. म्हणून आमची मागणी आहे की, समाजकल्याण खात्याने जिल्ह्याजिल्ह्यात मोफत जर्मन वर्ग काढावेत आणि महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाने निर्वाहाच्या रकमेसाठी बिनतारण कर्ज द्यावे. करार करताना शासनाने आमचे हात मोजले. आता त्या हातांना वाटखर्चही द्यावा.

तोवर तरुणांनी भाषा शिकायला आजच लागावे. आणि परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी नसलेल्या एजंटाच्या हाती आईचे मंगळसूत्र देऊ नये.