छायाचित्रकला : आभाळ राखावे की दरी?

सूर्यास्ताच्या सुमारास हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून पश्चिमेकडे पाहणाऱ्याला कसलीच अडचण पडत नाही. ढगांच्या तांबूस कडा त्याला दिसतात, पायाखालच्या खडकातील भेगा दिसतात आणि दरीत दाटू लागलेल्या अंधारातील झाडीही दिसते. तेच दृश्य कॅमेऱ्याने टिपू जावे, तर आभाळ पांढरेफटक होते, नाहीतर दरी काळीठिक्कर पडते. आपली नजर एका जागी ठरत नसते. ती ढगावरून दरीकडे वळते, तशी बाहुली लहानमोठी होते आणि दृष्टिपटलाची संवेदनाही बदलते. कॅमेऱ्याला मात्र साऱ्या चौकटीसाठी एकच माप धरावे लागते.

ही अडचण जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात असलेल्या कोलोडियनच्या काचांवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई. जमीन नीट उमटेपर्यंत आभाळ कोरे होऊन जाई. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने त्यावर युक्ती काढली. १८५७ मधील त्याच्या सेत येथील प्रसिद्ध लाटेच्या चित्रात समुद्र एका काचेवरचा आहे आणि ढग दुसऱ्या काचेवरचे. क्षितिजाच्या रेषेवर त्याने दोहोंचा सांधा बेमालूम जुळविला. पुढे मात्र एकच आभाळ त्याने निरनिराळ्या समुद्रांवर वापरले! आभाळ खरे, समुद्रही खरा. पण त्या दोघांची गाठ कधी पडलीच नव्हती.

आज ‘हाय डायनॅमिक रेंज’ अथवा ‘एचडीआर’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत या सांध्याचेच सुधारलेले रूप होय. तिला गणिती पाया देणारा एक महत्त्वाचा निबंध १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतून प्रसिद्ध केला. मलिक हे मथुरेचे, कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये शिकलेले. एका चर्चच्या अंतर्भागाची त्यांनी १६ छायाचित्रे वापरली. त्यांतील सर्वांत दीर्घ एक्स्पोजर ३० सेकंदांचे होते, सर्वांत अल्प सेकंदाच्या हजाराव्या भागाचे. छताची काळोखी लाकडे एका चित्रात उमटली, रंगीत काचांमधून येणारे ऊन दुसऱ्यात. या साऱ्यांवरून प्रत्येक बिंदूवर मुळात किती प्रकाश होता, याचे गणित त्यांनी मांडले.

निसर्गदृश्याला इतक्या चित्रांची गरज सहसा पडत नाही. बहुधा तीन पुरतात. एक मध्यम, एक दोन स्टॉपांनी कमी, एक दोन स्टॉपांनी अधिक. (एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट वा निम्मे.) कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवावा आणि बदल शटरच्या वेळेतच करावा. ॲपर्चर बदलले, तर जवळच्या-दूरच्या वस्तूंची सुस्पष्टता बदलते आणि चित्रे एकमेकांवर नीट बसत नाहीत. वाऱ्याने हलणाऱ्या गवताच्या दुहेरी, भुतासारख्या आकृती उमटतात. तेवढ्या भागापुरते एकच चित्र ठेवावे.

खरी कसोटी यानंतर लागते. जुळवून झालेल्या चित्रात प्रकाशाचा जो आवाका असतो, तो कागदाला पेलत नाही. उत्तम गुळगुळीत कागदावरही पांढरा भाग काळ्याच्या सुमारे शंभरपटच उजळ असतो. साध्या कागदावर त्याहूनही कमी. तेव्हा तो आवाका आवळून बसवावा लागतो. या क्रियेस ‘टोन मॅपिंग’ म्हणतात, आणि हौशी संपादकाचा हात सुटतो तो येथेच. प्रत्येक सावली उजळली जाते, प्रत्येक ढग कोरून काढला जातो, डोंगराच्या कडेभोवती देवादिकांच्या तसबिरीतल्यासारखे प्रभामंडळ उमटते. सारे दिसू लागते आणि संध्याकाळ नाहीशी होते. दरीत अंधार होता म्हणूनच ते ऊन सोनेरी भासत होते, हे आम्हांस या कामी सर्वांत मोलाचे वाटते. म्हणून सावल्या उजळताना झाडीचा आकार कळू लागला की थांबावे. पाने मोजता येईपर्यंत जाऊ नये. संगणकाच्या पडद्यावरून उठून थोड्या वेळाने चित्र पुन्हा पाहिले, तर अतिरेक आपोआप डोळ्यांत भरतो.

आजचे मोबाइल फोन लागोपाठच्या अनेक चित्रांची जुळणी न सांगता करतात, म्हणून ही विवेचना केवळ जाणकारांपुरती राहिलेली नाही. भिंतीवर टांगावयाच्या चित्रात ल ग्रेचे स्वातंत्र्य कोणीही घ्यावे. परंतु कोरड्या पडलेल्या तलावाचे अथवा पुराने वेढलेल्या गावाचे चित्र वाचक साक्ष म्हणून पाहतो. तेथे एकाच ठिकाणी, एकाच वेळी घेतलेली तीन चित्रे जुळविण्यास आमची हरकत नाही. दुसऱ्या दिवशीचे ढग आणून बसविण्यास आहे. मासिकाकडे चित्र पाठविताना किती चित्रे जुळविली आणि ती एकाच वेळेची आहेत काय, एवढे दोन शब्द मागे लिहावेत. आम्ही ते चित्राखाली छापू.