सहा पदकें आणि आपलें पटांगण

इ. स. २०२४ च्या जुलै-ऑगस्ट महिन्यांत पॅरिस शहरीं जे ऑलिंपिक सामने झाले, त्यांत आपल्या देशाचे ११७ खेळाडू उतरले व एक रौप्य आणि पांच कांस्य अशीं सहा पदकें घेऊन परत आले. सुवर्णपदक एकही नाहीं. पदकांच्या यादींत देशाचा क्रमांक ७१ वा. तेव्हांपासून हा विषय निघाला कीं, एकच उद्गार ऐकूं येतो : "एवढा मोठा देश, आणि सहा पदकें!" आंकडा खरा आहे, परंतु दोषाचें बोट खेळाडूंकडे वळतें, हें आम्हांस मान्य नाहीं.

मीराबाई चानू ह्यांनीं ४९ किलोंच्या गटांत एकंदर १९९ किलो वजन उचललें. तिसऱ्या आलेल्या थायलंडच्या स्पर्धकानें २०० किलो उचललें. एका किलोनें पदक गेलें! नेमबाज अर्जुन बबुता व बॅडमिंटनपटु लक्ष्य सेन हेही चौथेच राहिले. असे चौथे क्रमांक आपल्या वांट्यास सहा आले. सर्व जगांत चौथें येण्यास जो गृहस्थ अपयश म्हणतो, तोच आपला मुलगा वर्गांत चौथा आला म्हणजे पेढे वांटतो, ही मोठी मौज आहे.

आतां आपल्या मराठवाड्याकडे वळूं. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील मांडवा हें श्री. अविनाश साबळे ह्यांचें गांव. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. शाळा सुमारें सहा किलोमीटर दूर, गाडीची सोय नाहीं, म्हणून मुलगा कधीं चालत, कधीं धावत जाई. पुढें ते सैन्यांत शिरले व सियाचिनच्या बर्फांतही राहिले. तीन हजार मीटरांची 'स्टीपलचेस' ही शर्यत ते २०१७ सालीं धावूं लागले. तेव्हां त्यांचें वय २२ वर्षांचें होतें. ह्या शर्यतींत २८ वेळां आडव्या लांकडांवरून व ७ वेळां पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावी लागते. लांकूड सुमारें तीन फूट उंच व पक्कें बसविलेलें असतें. पाय अडखळला तर लांकूड पडत नाहीं, माणूस पडतो. १९९८ पासून राष्ट्रकुल सामन्यांत हिचीं तिन्ही पदकें केनियाच्याच धावपटूंकडे जात. २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथें साबळे ह्यांनीं ८ मिनिटें ११.२० सेकंदांत धावून रौप्यपदक घेतलें. सुवर्णपदक एका सेकंदाच्या विसाव्या भागानें हुकलें. पुढल्याच वर्षीं हांगचौच्या आशियाई सामन्यांत ते पहिले आले. पॅरिसच्या अंतिम फेरींत ते अकरावे आले. ह्या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरींत पोंचलेले ते पहिले भारतीय पुरुष होत.

ही हकीकत सांगतांना कित्येक जण दारिद्र्याचेंच कौतुक करूं लागतात. आमच्या सिल्लोड तालुक्यांतही मुलें वस्तीवरून पायीं शाळेस येतात, मिरचीच्या व कापसाच्या दिवसांत शेतांत राबतात. त्यांच्या पायांत बळ आहे. नाहीं तें त्यांची धांव पाहणारा डोळा आणि मोजणारें घड्याळ. पहांटे अजिंठ्याच्या रस्त्यानें गेल्यास तरुण धावतांना दिसतील. परंतु ती धांव पोलीसभरतीची असते. अठराव्या-विसाव्या वर्षीं गरज पडली तेव्हां पळावयास निघालेला मुलगा बाराव्या वर्षीं कोणाच्या नजरेस पडला असता, तर काय झालें असतें?

कोल्हापुर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे श्री. स्वप्नील कुसाळे ह्यांच्या बाबतींत हें घडलें. त्यांचे वडील शिक्षक. त्यांनीं २००९ सालीं मुलास सरकारच्या क्रीडा प्रबोधिनींत घातलें. तेथून पॅरिसच्या कांस्यपदकापर्यंत पंधरा वर्षें लागलीं. १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत पदक मिळविणाऱ्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या मल्लाला वा खेळाडूला वैयक्तिक पदक मिळावयास तर ७२ वर्षें जावीं लागलीं! पंधरा वर्षें धीर धरणारे पालक आपणांत किती आहेत, हें ज्याचें त्यानें पहावें.

आमच्याकडे नववी लागली कीं खेळ बंद होतो. कवायतीचा तास गणितास दिला जातो, आणि पालक त्याबद्दल शाळेचे आभार मानतात. मुलींचें पटांगण तर त्याहून आधींच सुटतें. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यांतील मोही गांवच्या ललिता बाबर २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें ह्याच शर्यतीच्या अंतिम फेरींत दहाव्या आल्या, हें आमच्या मुलींच्या मातांनीं अवश्य ऐकावें.

आमची मागणी लहान आहे. कवायतीचा तास कोणत्याही विषयास देऊं नये, दहावीलाही नाहीं. दर वर्षीं प्रत्येक मुलाच्या व मुलीच्या आठशें मीटरांच्या धांवेची वेळ एका वहींत नांवानिशीं लिहून ठेवावी. त्यास एक घड्याळ व चुन्याच्या रेघा पुरतात. तीन-चार वर्षांच्या नोंदींत एखादें नांव सारखें पुढें दिसूं लागल्यास त्याच्या पालकांस बोलावून वही दाखवावी. संभाजीनगरास विद्यापीठाच्या आवारांत भारतीय क्रीडा प्राधिकरणाचें केंद्र आहे; सिल्लोडहून बसनें सकाळीं निघालेला मुलगा चांचणी देऊन संध्याकाळीं घरीं परत येऊं शकतो. वही ठेवण्याचें काम ह्याच वर्षीं सुरू व्हावें.