रकाना कोणी आखला?

जुनं कपाट विकणे आहे, खोली भाड्याने देणे आहे, दुकानात कामाला मुलगी पाहिजे, अशा ज्या छोट्या जाहिराती पूर्वी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात यायच्या, त्यातल्या बऱ्याचशा आता इंटरनेटवरच्या जाहिरातींच्या साइटवर गेल्या आहेत. या साइट बनवणाऱ्यांमध्ये रचना सुधारण्याची चर्चा सतत चालू असते. बटण कुठे हवं, फोटो केवढा दिसावा, जाहिरात किती मिनिटांत टाकून व्हावी. सगळं कसं ‘वापरायला सोपं’ हवं. सोपं हवंच. पण कोणाला सोपं, हा प्रश्न त्या चर्चेत मला कुठे ऐकू येत नाही, म्हणून तो इथे विचारते आहे.

हा काय बायकांचा प्रश्न झाला का, असं आपल्यातल्याही काहीजणी म्हणतील. हिंसाचार आहे, रेशन आहे, पाणी आहे. बटणांचं तंत्रज्ञ बघून घेतील. मला हे पटत नाही. नवऱ्यानं टाकलेली किंवा नवऱ्याला सोडून आलेली बाई उभी राहायला बघते तेव्हा तिला लागतं काय? डोक्यावर छप्पर, हाताला काम, आणि ते मिळेपर्यंत घरातली एखादी वस्तू विकून येणारे चार पैसे. शहरात या तिन्हींची वाट आज या साइटवरूनही जाते. पूर्वी ती फक्त ओळखीपाळखीतून जायची, आणि त्या ओळखी कोणाच्या असायच्या ते आपल्याला माहीत आहे. त्यामुळे ही नवी वाट मला हवी आहे. हवी आहे म्हणूनच राग येतो.

आमच्या केंद्रात येणाऱ्या एका बाईनं आपलं पिको-फॉलचं मशीन विकायला काढलं. साइटनं तिला नाव विचारलं, मोबाइल नंबर विचारला, नकाशावर घराची जागा विचारली आणि जाहिरात लागली. पहिल्याच संध्याकाळी फोन सुरू झाले. मशीनची चौकशी करणारे थोडे. बाकीचे, ‘मॅडम, तुम्ही एकट्याच असता का?’, ‘मशीन बघायला रात्री आलो तर चालेल का?’ साडेअकराला व्हिडिओ कॉल. तिसऱ्या दिवशी तिनं जाहिरात काढून टाकली आणि नऊ हजाराला सहज गेलं असतं ते मशीन दुकानदाराला साडेचार हजाराला दिलं. छेडछाडीची गोष्ट आपण नेहमी अब्रूच्या भाषेत सांगतो, म्हणून ती मुद्दाम रुपयांत सांगते आहे. ज्या बाजारात पुरुष विक्रेत्याला नऊ हजार मिळतात आणि बाईला साडेचार, तो बाजार सगळ्यांना सारखाच खुला आहे असं कोणी मला सांगू नये.

यावर साइटवाल्यांकडे उत्तर तयार असतं. तळाशी एक ‘सुरक्षिततेच्या सूचना’ नावाचं पान असतं. अनोळखी माणसाला घरी बोलावू नका, सार्वजनिक ठिकाणी भेटा, सोबत कोणाला तरी घेऊन जा. म्हणजे तेच, जे आजवर घरातल्या मोठ्यांनी सांगितलं. दार उघडं यांनी ठेवायचं आणि जपून राहायचं बाईनं. मशीन काय ती डोक्यावर घेऊन चौकातल्या हॉटेलात जाणार आहे?

आणि हे काही सुटू न शकणारं कोडं नाही. छापील वर्तमानपत्रांनी ते फार पूर्वी सोडवलं होतं. जुनी पानं काढून बघा : ‘लिहा, बॉक्स क्रमांक अमुक, द्वारा हे वृत्तपत्र’. पत्रं वर्तमानपत्राच्या कचेरीत जमायची, तिथून जाहिरात देणाऱ्याकडे जायची, नाव-पत्ता कोणाला कळायचा नाही. अमेरिकेतली क्रेगलिस्ट ही साइट १९९५ साली निव्वळ ईमेलची यादी म्हणून सुरू झाली. दिसायला अगदीच साधी, पण तिनंही जाहिरात देणाऱ्याचा खरा ईमेल पत्ता झाकून मधल्या पत्त्यावरून निरोप पोचवण्याची सोय केली. आपल्याकडे टॅक्सी मागवली तर ड्रायव्हरला प्रवाशाचा खरा नंबर न दाखवता मधल्या नंबरावरून फोन जोडून देता येतो. मग विकणाऱ्या बाईचा नंबर झाकणं हा न मागता मिळणारा हक्क का नाही? काही साइटवर तशी सोय आहे, पण ती सेटिंगच्या तिसऱ्या पडद्यामागे. मुळात झाकलेला असावा, आणि ज्याला दाखवायचा त्यानं शोधून दाखवावा. नंबर झाकला तर फसवणूक वाढेल म्हणतात. पण कंपनीजवळ तर नंबर असतोच ना! तो गावाला दाखवायचं कारण काय?

फसवणुकीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकते. विकणाऱ्याला ‘पैसे घ्यायला हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका’ असं सांगून त्याच्याच खात्यातून पैसे काढणारे पुष्कळ आहेत. कित्येकदा ते फौजी असल्याचं सोंग घेतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. हे एक वाक्य त्या तळाच्या पानावर असून काय उपयोग? समोरच्यानं क्यूआर कोड पाठवला त्या क्षणी, त्याच संवादात, मोठ्या मराठी अक्षरांत ते दिसलं पाहिजे.

बाईचा नंबर हे हत्यार कसं होतं, हे आपल्या देशातल्या न्यायालयांना ठाऊक आहे. चेन्नईतल्या एका घटस्फोटित बाईनं लग्नाला नकार दिला म्हणून एका माणसानं तिच्याविषयीचा अश्लील मजकूर याहूच्या एका गटावर टाकला, आणि ती धंदा करते असं समजून लोकांचे फोन तिला येऊ लागले. २००४ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली त्याला शिक्षा झाली. त्यानंतरही सूड घ्यायचा असला की कोणीतरी जाहिरात टाकतो, नंबर तिचा. ती काढायला ती बाई जाते, तर साइट म्हणते आधी लॉगिन करा. जिनं जाहिरात टाकलीच नाही तिनं खातं कशासाठी उघडायचं? ‘हा नंबर माझा आहे, जाहिरात काढा’ एवढं त्या नंबरावरच्या ओटीपीनं सिद्ध होतं, आणि लगेच काढता येते. तक्रार निवारण अधिकारी नेमणं तर २०२१ च्या नियमांनी बंधनकारकच केलं आहे. त्याचं नाव शोधायला किती पडदे ओलांडावे लागतात ते एकदा मोजून बघा.

आता मूळ मुद्द्याकडे येते. कंपन्या म्हणतात, आम्ही फक्त फलक उभा केला. त्यावर कोण काय लिहितं त्याला आम्ही काय करणार? पण फलक कोरा नसतो. त्यावर रकाने आखलेले असतात, आणि रकाने आखणारा हात कंपनीचा असतो.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये पिट्सबर्ग प्रेस हे वर्तमानपत्र नोकऱ्यांच्या जाहिराती पुरुषांचा रकाना आणि बायकांचा रकाना अशा वेगळ्या छापायचं. १९६९ साली नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन या संघटनेनं शहराच्या मानवी संबंध आयोगाकडे तक्रार केली. वर्तमानपत्रानं मुद्रणस्वातंत्र्याची ढाल पुढे केली. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की असे रकाने पाडायला बंदी घालता येते. एका मतानं का होईना, पानाची मांडणी हासुद्धा भेदभाव असू शकतो हे मान्य झालं.

२००८ साली तिथल्याच अपील न्यायालयांमध्ये इंटरनेटवरच्या साइटबद्दल दोन निकाल लागले, ते मला फार बोलके वाटतात. घरांच्या जाहिरातींत लोक भेदभावाचं लिहितात म्हणून क्रेगलिस्टवर खटला झाला. न्यायालय म्हणालं, लिहिणारे लोक आहेत, कंपनी नाही. पण खोलीत सोबती शोधून देणाऱ्या रूममेट्स डॉट कॉमनं तर स्वतःच प्रश्नावली बनवली होती. स्त्री की पुरुष, लैंगिक कल काय, मुलं सोबत राहणार का, हे सगळं तयार यादीतून निवडल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. न्यायालय म्हणालं, हे प्रश्न तुमचे, ही उत्तरांची यादी तुमची, तेव्हा जबाबदारीही तुमची. पुढे २०१२ साली, आपल्या घरात सोबत कोण राहावं ही निवड त्या गृहनिर्माण कायद्याखाली येतच नाही, असं सांगून कंपनीला सोडून देण्यात आलं. तरी ज्यानं फॉर्म बनवला तो त्या मजकुराचा भागीदार, हा मुद्दा त्यानं पुसला जात नाही.

आपल्याकडच्या साइटवर घराची जाहिरात टाकायला जा. ‘बॅचलर चालतील का? हो / नाही.’ हा प्रश्न घरमालकानं विचारलेला नाही, साइटनं त्याच्या तोंडात घातला आहे. ज्याच्या मनात तसं काही नव्हतं तोही विचार करतो आणि ‘नाही’ दाबतो. मग शोधणाऱ्यासाठी चाळणी तयार होते आणि एकटी नोकरी करणारी मुलगी, विधवा, मुलाला घेऊन निघालेली बाई, या सगळ्या एका टिचकीत यादीतून गळून पडतात. तिला नकार द्यायलाही कोणाला तोंड उघडावं लागत नाही. पूर्वी निदान दारातून हाकलावं तरी लागायचं.

नोकऱ्यांचंही तेच. जागतिक बँकेच्या २०१८ सालच्या एका अभ्यासात भारतातल्या एका नोकरीच्या पोर्टलवरच्या आठ लाखांहून अधिक जाहिराती तपासल्या होत्या. स्त्री हवी की पुरुष हे जाहिरातीत सरळ लिहिणं ही सर्रास गोष्ट निघाली, एकूण कल पुरुषांकडे, आणि पुरुष मागणाऱ्या जाहिरातींत पगारही जास्त. भरतीत बाई म्हणून डावलायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानंच मनाई केली होती. त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. आणि तरी ‘स्त्री / पुरुष / कोणीही’ हा रकाना फॉर्ममध्ये असतो! कायदा मोडण्याची सोय छापून द्यायची आणि वर म्हणायचं आम्ही फक्त फलक.

विभागांच्या नावांबद्दल थोडंच लिहिते, कारण ते सगळ्यांना दिसतंच. मोटारी, मोटारसायकली, मोबाइल यांना कंपनीवार, वर्षवार, रंगवार कप्पे. पोळी-भाजीचे डबे, पाळणाघर, दिवाळीचा फराळ, ब्लाऊज शिवणं, बाळंतिणीची मालिश हे कुठे टाकायचं? ‘इतर सेवा’. जिच्या धंद्याला नाव नाही तिचा धंदा शोधणाऱ्याला सापडणार कसा?

एक अडचण मात्र नुसता नंबर झाकून सुटणारी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५३.९ टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता आणि इंटरनेट कधी तरी वापरलेल्या अवघ्या ३३.३ टक्के. चित्र त्यानंतर बदललं असेल, पण एका घरात एक फोन आणि ओटीपी नवऱ्याच्या हातात, हे आमच्या वस्तीत आजही आहे. एका नंबरावर एकच खातं हा नियम करणाऱ्यानं असं घर पाहिलेलं नाही. बचत गटाच्या नावानं एक खातं आणि त्यातून दहाजणींच्या जाहिराती, असं का होऊ नये? बोलून जाहिरात टाकता यावी. आणि मराठी म्हणजे इंग्रजी फॉर्मचं शब्दाला शब्द ठेवून केलेलं ते अगम्य भाषांतर नको. ‘तुमची यादी पोस्ट करा’ म्हणजे काय करा, हे आमच्या बैठकीत बाराजणींपैकी एकीलाही कळलं नव्हतं. मलाही जरा वेळच लागला.

पुढच्या बैठकीत आपापल्या गटात एवढं करून बघा. एका फोनवर घर भाड्याने द्यायची आणि नोकरीची अशा दोन जाहिरातींचे फॉर्म शेवटच्या बटणापर्यंत भरत न्या, पाठवू नका. कुठे बाई की पुरुष विचारलं, कुठे लग्न झालंय का विचारलं, नंबर कुठे उघडा पडला, ते कागदावर लिहा. मग त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला मराठीत पत्र पाठवा, गटाच्या नावानं, सगळ्यांच्या सह्यांनी. उत्तर आलं तर त्याची प्रत आणि नाही आलं तर पत्र पाठवल्याची तारीख, दोन्ही संपादक मंडळाकडे कळवा.