विश्लेषण : नव्या टीव्हीबरोबर महागडी केबल घ्यावीच लागते का?

३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. टीव्ही ठरतो, हप्ते ठरतात आणि बिल करताना विक्रेता विचारतो, ‘एचडीएमआय केबल कोणती देऊ?’ समोर दीड-दोनशे रुपयांची केबल असते आणि काही हजारांचीही. त्यातच जून २०२५ मध्ये ‘एचडीएमआय २.२’ हे नवे मानक प्रसिद्ध झाल्याने ‘पुढचा विचार करून भारीतली घ्या’ हा आग्रह धरणे सोपे झाले आहे. करात वाचलेले पैसे केबलमध्ये घालवण्यापूर्वी काही गोष्टी तपासून पाहायला हव्यात.

मुळात केबल लागते का?

अनेक घरांत लागतच नाही. नेटफ्लिक्स, यूट्यूब, जिओहॉटस्टार हे स्मार्ट टीव्हीतल्याच अॅपवर पाहिले जात असेल, तर चित्र इंटरनेटवरून थेट टीव्हीत येते. एचडीएमआय केबलचा त्याच्याशी संबंध नाही. तेथे चित्र अडकत असेल तर दोष बहुतेकदा वायफायचा. नेटफ्लिक्सला ४के चित्रासाठी सेकंदाला १५ मेगाबिट वेग पुरतो. राउटर दोन भिंतींपलीकडे असेल तर साधी लॅन केबल ओढणे हा जास्त उपयोगाचा खर्च. एचडीएमआयची गरज सेट-टॉप बॉक्स, गेमिंग कन्सोल, लॅपटॉप आणि साउंडबारसाठी.

महाग केबलने चित्र सुधारते?

नाही. पूर्वीच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या केबलमधून अॅनालॉग संदेश जात असे. केबल हलकी असेल तर रंग फिके पडत, पडद्यावर मुंग्या येत. एचडीएमआयमधून आकडे जातात, शून्य आणि एक. ते नीट पोहोचले तर दोनशेच्या आणि पाच हजारांच्या केबलवर चित्र तेच. नीट पोहोचले नाहीत तर पडदा क्षणभर काळा होतो, चमकते ठिपके दिसतात, आवाज तुटतो. ‘या केबलने रंग जास्त उठावदार दिसतात’ हे सांगणाऱ्याला स्वतःला तरी ते पटते का, हा प्रश्नच आहे. सोन्याचा मुलामा गंज टाळतो, एवढेच. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत त्याचा थोडा लाभ आहे, पण तो मुलामा मध्यम किमतीच्या केबललाही असतो.

मग फरक कशाचा?

किती माहिती किती वेगाने वाहून नेता येते, याचा. सेट-टॉप बॉक्सच्या एचडी वाहिन्यांना ‘हाय स्पीड’ प्रकारची केबल भरपूर झाली. तिची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट. ४के चित्र सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाने आणि एचडीआरसह हवे असेल तर ‘प्रीमियम हाय स्पीड’, म्हणजे १८ गिगाबिट. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्सवर ४के १२० फ्रेमचे गेम खेळायचे असतील तर ‘अल्ट्रा हाय स्पीड’, ४८ गिगाबिट. प्लेस्टेशन ५ च्या खोक्यात तशी केबल दिलेलीच असते. नव्या २.२ मानकाची ‘अल्ट्रा९६’ केबल ९६ गिगाबिटची आहे. आज घरात असलेल्या टीव्हींना तिचा काही उपयोग नाही.

‘२.१ ची केबल’ असे पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असेल तर सावध व्हावे. परवाना देणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार केबलवर आवृत्तीचा आकडा छापायचा नसतो. प्रकाराचे नाव छापायचे असते. प्रीमियम आणि अल्ट्रा हाय स्पीड केबलच्या पाकिटावर प्रमाणपत्राचे लेबल असते आणि ते अधिकृत अॅपने स्कॅन करून खरे-खोटे दुकानातच पाहता येते. लेबल नसेल तर ‘८के’ या शब्दाला अर्थ नाही.

सारे असूनही ४के का दिसत नाही?

येथे खरी गफलत होते. टीव्हीच्या खोक्यावर ‘एचडीएमआय २.१’ असले तरी त्या मानकातील बरीच वैशिष्ट्ये उत्पादकांसाठी ऐच्छिक आहेत. तीन-चार पोर्टपैकी एक-दोनच १२० फ्रेम घेतात, असे अनेक टीव्हींत असते. पोर्टशेजारी बारीक अक्षरांत ते लिहिलेले असते. टीव्ही भिंतीवर बसण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवलेला बरा. दुसरे म्हणजे सेटिंग. काही टीव्हींत पोर्ट कमी क्षमतेवर ठेवलेले असतात. सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीमध्ये ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’ या नावाखाली ते बदलता येते. केबल बदलण्याआधी हे पाहावे. फुकटात काम होते.

आणि साउंडबार?

तो ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेल्या पोर्टलाच जोडायचा. दुसऱ्या पोर्टला जोडून ‘आवाज येत नाही’ ही तक्रार नेहमीची. ओटीटीवरील डॉल्बी अॅटमॉससाठी साधा एआरसीही चालतो, टीव्ही आणि साउंडबार दोन्ही ते देत असतील तर. ऑप्टिकल केबलमधून मात्र अॅटमॉस जात नाही.

डीडी फ्री डिशच्या जुन्या बॉक्सचे काय?

त्यांना बहुधा तीन पिनांचेच आउटपुट असते, आणि नव्या टीव्हीला मागे ती तीन छिद्रे नसतात. त्याऐवजी हेडफोनसारखे एकच छिद्र आणि खोक्यात एक छोटा जोड असतो. तो थर्माकोलबरोबर फेकला जाऊ नये. दुसऱ्या कंपनीचा जोड बसला तरी आतली जोडणी वेगळी असू शकते.

भिंतीतून केबल न्यावी का?

न्यावी, पण पाइपातून. एचडीएमआयचे डोके वेष्टणासह साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. फ्लॅटमध्ये सर्रास टाकला जाणारा २० मिलिमीटरचा पाइप त्याला अपुरा पडतो. २५ मिलिमीटरच्या पाइपातही ते वळणावर अडकते. त्यापेक्षा रुंद पाइप, कोपऱ्याला काटकोनाऐवजी सैल वळण आणि आत ओढदोरी ठेवली, तर पाच वर्षांनी केबल बदलताना टाइल फोडावी लागत नाही. अंतर पाच मीटरच्या पुढे गेले की साध्या तांब्याच्या केबलवर ४के अवघड होते. तेथे ऑप्टिकल एचडीएमआय केबल लागते. तिला दिशा असते : ‘सोर्स’ लिहिलेले टोक बॉक्सला, ‘डिस्प्ले’चे टीव्हीला. उलटी बसवून भिंत बंद केली तर चित्र येणारच नाही.

वळवाच्या पावसात आणखी एक धोका असतो. गच्चीवरच्या डिशची केबल खाली सेट-टॉप बॉक्सला आणि तेथून एचडीएमआयने टीव्हीला जोडलेली असते. जवळपास वीज पडली तर तो झटका याच वाटेने टीव्हीच्या पोर्टपर्यंत येतो, आणि पोर्ट जळला की अनेकदा अख्खा मदरबोर्ड बदलावा लागतो. स्पाइक गार्ड फक्त विजेच्या बोर्डाकडून येणारा झटका अडवतो. डिशची वाट मोकळीच राहते. म्हणून डिशच्या खांबाला अर्थिंग करून घ्यावे आणि ढग गडगडू लागण्याआधीच प्लगबरोबर बॉक्सची डिश केबलही काढून ठेवावी.